इंटरव्ह्यूला १० आठवडे झाले, मेडिकल स्कूलकडून काहीच कळत नाहीये. थांबायचं की विचारायचं?

लेकीची_आई

नमस्कार. बरेच महिने नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय, जरा लांबेल.

आम्ही अमेरिकेत असतो, मुलगी इथेच वाढली, गेल्या मे मध्ये कॉलेज संपलं. सध्या गॅप इयर चालू आहे, एका हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत स्क्राइब (डॉक्टरांच्या नोंदी लिहून घेणारी) म्हणून काम करते आणि घरीच राहते. जूनच्या पहिल्या आठवड्यात एएमकॅसचा, म्हणजे सगळ्या एमडी स्कूल्सना एकत्र जाणारा अर्ज गेला, १८ एमडी स्कूल्स (इथे डॉक्टरकीची पहिली पदवीच एमडी), मग जुलै-ऑगस्टभर त्या सेकंडरीचे, म्हणजे प्रत्येक स्कूलच्या वेगळ्या पुढच्या अर्जाचे निबंध, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसायची. तीन इंटरव्ह्यू आले. एकाकडून डिसेंबरातच नकार आला, एकाने जानेवारीत वेटलिस्टवर टाकलं, आणि तिसरं, जे तिला अगदी मनापासून हवंय, तिथला इंटरव्ह्यू डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात झाला. चांगला झाला असं ती म्हणाली होती, आणि ती असं सहजासहजी म्हणणाऱ्यातली नाही. आता फेब्रुवारी अर्धा संपला, पोर्टलवर अजून "अंडर रिव्ह्यू"च दिसतंय. जिथून इंटरव्ह्यूच आला नाही त्या १५ पैकी नऊ जणांनी नाही कळवलं, सहा जण हो पण नाही आणि नाही पण नाही.

शिफ्ट संपवून आली की बूट पायातच असतात आणि दारातच उभी राहून फोन बघते. मग काही न बोलता वर जाते. मी विचारलं तर चिडते, नाही विचारलं तर जेवताना आपणच म्हणते की कुणाला माझ्याशी बोलायचंच नाहीये. वर व्हॉट्सॲपवर नातेवाईक, "काय गं, झालं का तिचं?" काय उत्तर देऊ?

तर मला विचारायचंय ते असं, इतके आठवडे काहीच आलं नाही म्हणजे नाहीच समजायचं का? आणि मी ॲडमिशन ऑफिसला एक फोन करून नुसती तारीख विचारली तर चालेल का? मुलगी नको म्हणते.

---

दोघांचा_बाबा

ताई, आधी फोनचं. करू नका. तारीख विचारायला सुद्धा नको. तुमची मुलगी सज्ञान आहे, अर्ज तिचा आहे, ऑफिस तुम्हाला काही सांगणार नाही आणि सांगितलं तरी ते पोर्टलवर आहे तेवढंच असेल. काही विचारायचंच असेल तर ते तिने, तिच्या ईमेलवरून. मुलगी बरोबर सांगतेय.

आता मुख्य प्रश्न. माझी दोन मुलं यातून गेली, मोठीच्या वेळी मी पण तुमच्यासारखाच "काही आलं नाही म्हणजे नाही" असं धरून बसलो होतो. पण हे सगळं चालतं कसं ते कळलं की थोडा धीर येतो, म्हणून सविस्तर लिहितो.

बहुतेक एमडी स्कूल्स रोलिंग पद्धतीने, म्हणजे अर्ज येतील तसे बघत, जागा भरतात. १५ ऑक्टोबरपासून ऑफर द्यायला सुरुवात होते आणि इंटरव्ह्यू मात्र फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालूच असतात. कमिटी ठरावीक दिवसांनी बसते, फाइल वाचते, इंटरव्ह्यू घेणाऱ्यांच्या नोंदी बघते, मत देते. ज्यांच्याबद्दल सगळ्यांचं एकमत असतं त्यांना लवकर कळतं. काही स्कूल्स नकारही लगेच कळवतात, काही तो धरून ठेवतात. आणि मधला एक मोठा गठ्ठा असतो, चांगली मुलं आहेत, घ्यायलाही हरकत नाही, पण पुढे अजून शंभर-दोनशे इंटरव्ह्यू व्हायचेत तर ते बघून ठरवू, असा. तुमची मुलगी बहुधा या गठ्ठ्यात आहे. तिथून होकारही येतो, वेटलिस्टही येते, नकारही येतो, खोटं कशाला सांगू. पण दहा आठवडे झाले म्हणून फाइल बंद झाली असा अर्थ काढू नका, आणि काही स्कूल्स तर सगळ्यांचा निकाल मार्चमध्ये एकदमच लावतात, ते त्यांच्या वेबसाइटवर लिहिलेलं असतं, ते आधी बघायला सांगा तिला.

दोन तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा. १५ मार्च, एएएमसीच्या (मेडिकल स्कूल्सची संघटना) नियमाप्रमाणे तोपर्यंत स्कूल्सनी निदान जेवढ्या जागा तेवढ्या ऑफर दिलेल्या असाव्यात. दुसरी ३० एप्रिल. ज्यांच्याकडे एकाहून जास्त ऑफर आहेत त्यांनी तोपर्यंत एक ठेवून बाकीच्या सोडायच्या असतात. एकेका मुलाने दोन-तीन जागा धरलेल्या असतात हो, त्यातल्या जास्तीच्या त्या आठवड्यात सुटतात आणि मग वेटलिस्ट हलायला लागते. खरी हालचाल मे महिन्यात. आमच्या धाकट्याचा फोन मे च्या दुसऱ्या आठवड्यात आला, तो तेव्हा दुकानात रांगेत उभा होता, हातातलं सामान तिथेच ठेवून बाहेर पळाला.

आणि एक, २०२३ साली साधारण ५२,५०० जणांनी एमडीला अर्ज केले होते आणि २३,००० च्या आसपास मुलं आत गेली. म्हणजे अर्ध्याहून जास्त मुलांना त्या वर्षी कुठेच मिळालं नाही. तीन इंटरव्ह्यू येणं ही छोटी गोष्ट नाही, हे तिला कुणीतरी सांगा.

फाफ्सा, म्हणजे सरकारी आर्थिक मदतीचा फॉर्म, भरलाय का? ॲडमिशनची वाट बघत तो थांबवू नका. १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्यांना ग्रॅड प्लस (पदवीनंतरच्या शिक्षणासाठीचं फेडरल कर्ज) मिळणार नाही, मेडिकलसारख्या कोर्सला फेडरल कर्ज वर्षाला ५०,००० डॉलर आणि एकूण २ लाख एवढंच. तो हिशोब आत्ताच मांडून ठेवा.

---

दुसऱ्या_वर्षाला

काकू, मी सध्या मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि मला वेटलिस्टवरून जूनमध्ये ऑफर आली, ओरिएंटेशनच्या पाच आठवडे आधी. त्यामुळे तुमची पोस्ट वाचून पोटात गोळा आला, ते दारात उभं राहून फोन बघणं मला माहीत आहे.

आधी तिच्या बाजूने सांगते. वाट बघताना सगळ्यात वाईट काय असतं तर काहीच करता येत नाही हे. एमकॅटला (मेडिकलची प्रवेश परीक्षा) अभ्यास होता, निबंधांना निबंध होते, इंटरव्ह्यूला तयारी होती, आणि आता एकदम काहीच नाही, नुसतं पान रिफ्रेश करायचं. मी दिवसातून तीस-चाळीस वेळा करायचे. मग मी पोर्टलचा पासवर्ड फोनमधून काढून टाकला आणि नोटिफिकेशन फक्त ईमेलचं ठेवलं, कारण स्टेटस बदललं की बहुतेक वेळा ईमेल येतोच. आणि ऑफरचा तर कधीकधी फोनच येतो, अनोळखी नंबरवरून, म्हणून व्हॉइसमेल भरलेला नाही ना आणि स्पॅम फोल्डर रोज बघतेय ना एवढं मात्र तिला सांगा, माझ्या एका मैत्रिणीचा व्हॉइसमेल भरला होता आणि तिला दोन दिवस पत्ताच नव्हता.

घरच्यांबद्दल. माझी आई रोज विचारायची नाही, पण रोज माझ्या चेहऱ्याकडे बघायची, आणि ते विचारण्यापेक्षा जड होतं. शेवटी आमचं ठरलं की रविवारी संध्याकाळी मी स्वतः सांगणार, काही असो नसो, आणि बाकीचे सहा दिवस हा विषय घरात नाही. मला त्याचा फार उपयोग झाला. नातेवाईकांना आईने एकच मेसेज सगळ्यांना पाठवला होता, "मे पर्यंत निकाल येत राहतात, कळलं की आम्हीच सांगू." त्यानंतर दोघा-तिघांनीच परत विचारलं.

आता करण्यासारखं काय आहे. पत्र दोन प्रकारची असतात आणि मुलं गोंधळ करतात. अपडेट लेटर म्हणजे अर्जानंतर नवीन काय घडलं ते, नवीन काम, नवीन जबाबदारी, पेपर आला असेल तर तो, एका पानात. ते कितीही स्कूल्सना पाठवता येतं. लेटर ऑफ इंटेंट म्हणजे "घेतलंत तर मी इथेच येणार" असं वचन, ते फक्त एकाच स्कूलला, आणि खरंच तसं असेल तरच. दोन ठिकाणी पाठवणारे असतात, तसं करू नये, शब्द देऊन तो मोडून या कामाची सुरुवात करायची नाही. आणि काही स्कूल्स स्पष्ट लिहितात की इंटरव्ह्यूनंतर काहीही पाठवू नका, तिथे पाठवायचंच नाही.

जिथे वेटलिस्ट आली तिथे मात्र तिने आठवड्याच्या आत "हो, मला यादीत राहायचंय" असं कळवलं होतं ना? काही ठिकाणी पोर्टलवर ते वेगळं क्लिक करावं लागतं आणि नाही केलं तर नाव निघून जातं. आज रात्रीच बघायला सांगा.

---

टेक्सासवाला

वरच्या तारखांबद्दल एक भर. यादीत टेक्सासची सरकारी स्कूल्स असतील तर त्यांचा अर्ज टीएमडीसॅसमधून (टेक्सासची वेगळी अर्ज व्यवस्था) जातो आणि तिथे राज्यातल्या मुलांसाठी मॅच असतो, म्हणजे मुलांची आणि स्कूल्सची पसंती जुळवून जागा देतात, त्याचं वेळापत्रक वेगळं. डीओ (ऑस्टिओपॅथिक डॉक्टरची पदवी देणाऱ्या) स्कूल्सचं पण वेगळं, तिथे ऑफर आली की डिपॉझिट लवकर मागतात. बाकी दोघांचा_बाबा यांनी लिहिलंय ते बरोबर.

---

परत_अर्ज_केला

मी लिहावं की नाही असा विचार करत होते, कारण आमची गोष्ट तुम्हाला आत्ता ऐकाविशी वाटेल अशी नाही. पण कुणी सांगितलं असतं तर आमचं एक वर्ष वाचलं असतं, म्हणून लिहिते.

माझ्या मुलाला पहिल्या वेळी दोन वेटलिस्ट होत्या. आम्ही पूर्ण मे, पूर्ण जून, जुलैचे तीन आठवडे त्या दोन यादींकडे डोळे लावून बसलो. शेवटी दोन्हीकडून नाही आलं तेव्हा ऑगस्ट उजाडला होता, आणि नवीन सायकलचे, म्हणजे पुढच्या वर्षीच्या प्रवेशाचे, अर्ज मेच्या शेवटापासून जायला लागलेले. त्याने ऑगस्टच्या शेवटी घाईघाईत अर्ज केला, जुनाच निबंध चार ओळी बदलून. त्या काळात अर्ज पडताळायलाच आठवडे लागतात, सेकंडरी आल्या तेव्हा सप्टेंबर संपत आला होता. त्या वर्षी एकही इंटरव्ह्यू आला नाही. रोलिंगमध्ये उशीर म्हणजे काय ते तेव्हा कळलं.

तिसऱ्या वेळी त्याने जूनच्या पहिल्या आठवड्यात अर्ज पाठवला, निबंध कोरा करकरीत नव्याने लिहिलेला, आणि आज तो तिसऱ्या वर्षाला आहे, सर्जरीच्या रोटेशनवर, फोन करायला वेळ नाही त्याला.

म्हणून हात जोडून सांगते, वाट बघा पण दुसरा अर्ज बाजूला तयार ठेवा. मार्च-एप्रिलमध्येच तिने निबंध काढून बसावं. एमकॅटचा स्कोअर किती जुना आहे ते बघा, बरीच स्कूल्स दोन-तीन वर्षांपलीकडचा घेत नाहीत. शिफारसपत्रं देणाऱ्या प्रोफेसरांना परत विचारावं लागेल, ते मे मध्ये सुट्टीवर जायच्या आत. मला तेव्हा वाटायचं की दुसरा अर्ज तयार करणं म्हणजे आशा सोडणं, मुलापुढे तो विषय काढायची हिंमतच होत नव्हती माझी. मी त्याचा धीर सांभाळतेय असं मला वाटत होतं आणि खरं म्हणजे मी माझाच सांभाळत होते.

आणि जिथे नाही म्हणतील त्यांना सायकल संपल्यावर, मे-जूनमध्ये, अर्जात काय कमी पडलं ते विचारावं. सगळे सांगत नाहीत, पण काही सांगतात. आमच्या मुलाला एका ठिकाणी सांगितलं की रिसर्च भरपूर आहे पण रुग्णांजवळ घालवलेले तास फार कमी. दोन वर्षं आम्ही मार्कांमध्ये चूक शोधत होतो.

---

लेकीची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हा पूर्ण धागा तिला वाचायला दिला, मीच वाचून दाखवणार होते पण तिने फोन हातातून घेतला. वेटलिस्टवालं क्लिक तिने त्याच दिवशी केलं होतं. फाफ्सा अर्धा भरून पडला होता, तो आम्ही दोघींनी बसून पुरा केला. रविवारचं पण ठरलं.

एक गोष्ट मात्र मला काल कळली. त्या तिसऱ्या स्कूलसाठीचं लेटर ऑफ इंटेंट तिने जानेवारीतच लिहून ठेवलंय. पाठवलं नाही. का, तर पाठवलं आणि तरी नाही आलं तर मग माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच उरणार नाही, असं म्हणाली. यावर मी काय बोलणार, जवळ बसून राहिले.

त्यांच्या वेबसाइटवर अपडेट स्वीकारतो असं लिहिलंय, इंटेंटबद्दल काही नाही. निकाल यायच्या आधीच असं पत्र पाठवता येतं का? की वेटलिस्टवर टाकेपर्यंत थांबायचं? आणि परत_अर्ज_केला ताई, निबंधाचा विषय मी नाही काढला, तिनेच काढला, शनिवारपासून बसते म्हणाली.

---

दुसऱ्या_वर्षाला

काकू, अपडेट घेतात ना, मग आधी पाठवता येतं. मी असते तर एकाच पत्रात दोन्ही केलं असतं, पहिल्या दोन परिच्छेदांत ऑगस्टपासून नवीन काय, म्हणजे स्क्राइबचं काम जास्तीत जास्त, एखादी रात्र, एखादा रुग्ण जो डोक्यातून जात नाही, नाव-गाव काही न देता, आणि शेवटी दोन ओळी की हे स्कूल माझी पहिली पसंती आहे आणि ऑफर आली तर मी येणार. १५ मार्चच्या आत जाऊ दे, मार्चच्या पहिल्या आठवड्यात पाठवलं तर उत्तम. पोर्टलवर अपलोड करायची जागा असेल तर तिथूनच, नाहीतर ऑफिसच्या ईमेलवर, आणि अर्जातला आयडी नंबर वर लिहायचा.

पाठवायच्या आधी स्कूलचं नाव सगळीकडे बरोबर आहे ना ते तुम्ही एकदा वाचा, ती स्वतः इतक्यांदा वाचून बसली असेल की तिला आता चूक दिसणार नाही.