सहा जणांसाठी फुल-साइझ एसयूव्ही: नवीन की वापरलेली? सल्ला हवा आहे

सातवी_सीट
घरात आम्ही सहा जण. आम्ही दोघं, तीन मुलं (थोरल्याची उंची बापाला ओलांडून गेली, धाकटी अजून बूस्टर सीटवर) आणि सासूबाई. त्यांचे गुडघे कुरकुरतात. तिसऱ्या रांगेत कोणी बसायचं यावरून प्रत्येक प्रवासाला भांडणाचा नारळ फुटतो. वर्षातून काही वेळा मागे ट्रेलर लावतो, भरून साधारण 2 टन.

बजेट: मधल्या आकाराची सात-आसनी कोरी करकरीत येईल एवढं. कर्ज काढायचं नाही. म्हणजे फुल-साइझ नवीन बसत नाही, तीन-चार वर्षं वापरलेली बसते. तर नवीन मधली घ्यावी की जुनी मोठी? कृपया बजेटच्या आत सांगा.

टॉर्कवाला
टोयोटा लँड क्रूझर. विषय संपला. माझ्याकडे 200 सिरीज आहे, 4.5 लिटर व्ही-8 डिझेल. तेल-फिल्टर सोडून बॉनेट उघडायची वेळ आली नाही. 2021 ला 300 आली आणि व्ही-8 गेलं, तरी गाडी ती गाडीच. थोडं बजेट वाढवा, पुढची वीस वर्षं धागा काढावा लागणार नाही.

सातवी_सीट
थोडं नाही हो, दुप्पट वाढवावं लागतंय.

टॉर्कवाला
विकताना परत मिळतात की.

हिशेबनीस
विकताना मिळतात म्हणून घेताना खिशात येत नाहीत.

ताई, ज्या गाडीची किंमत पडत नाही ती वापरलेली घेण्यात फायदाही नाही, कारण आधीच्या मालकाने घसारा सोसलेलाच नसतो. लँड क्रूझरचं तेच आहे. सबर्बन, टाहो, एक्स्पिडिशन या मोठ्या अमेरिकन गाड्या पहिल्या तीन-चार वर्षांत दणकून उतरतात. वापरलेलीच घ्यायची तर तिथे बघा. माझं स्वतःचं मत मात्र नवीन मधली. वॉरंटी असते आणि रात्री झोप लागते. मोठ्या पेट्रोल व्ही-8 ला 100 किमीला 13-14 लिटर लागतात, टायर आणि ब्रेकही त्याच मापाचे. गाडी निम्म्या किमतीत मिळाली तरी तिचे सुटे भाग निम्म्या किमतीत मिळत नाहीत.

रानवेडा
लँड क्रूझरला +1. पण मुद्दा वेगळाच आहे. चॅसिसवाली (वेगळ्या चौकटीवर बॉडी बसवलेली) घ्या, लो-रेंज (चिखल-चढासाठीचा हळू पण जोरकस गिअर) असलेली घ्या. मोनोकॉक (चौकट आणि बॉडी एकच) म्हणजे उंच केलेली हॅचबॅक. मागच्या पावसाळ्यात मी चिखलातून दोन "एसयूव्ही" ओढून काढल्या. नावं सांगत नाही, मालक इथेच आहेत.

सातवी_सीट
आम्ही चिखलात जात नाही.

रानवेडा
आज नाही जात. गाडी आली की जाल.

मधलीसुट्टी
एसयूव्हीच का पण? सहा माणसं, त्यात दुखरे गुडघे आणि बूस्टर सीट. याचं उत्तर व्हॅन. सरकते दरवाजे, खाली असलेला मजला, तिसऱ्या रांगेत मोठा माणूस पाय सोडून बसतो. टोयोटाची सिएना व्हॅन 2021 च्या मॉडेलपासून फक्त हायब्रिडमध्येच येते, 100 किमीला साडेसहा लिटरच्या आसपास. बजेटमध्येही बसेल. लोकांना व्हॅनची लाज का वाटते ते मला कळलेलं नाही.

शंकासुर
लाजेचं सोडा, ट्रेलरचं काय? सिएनाची ओढायची मर्यादा जेमतेम 1,600 किलो आहे. यांचा ट्रेलर 2 टनांचा.

आणि ताई, ट्रेलरला स्वतःचे ब्रेक आहेत का? कोणीच विचारलं नाही म्हणून विचारतो. शिवाय जाहिरातीतला ओढायचा आकडा पाहू नका, गाडीची वहनक्षमता पाहा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पट्टी असते, तिच्यावर एकूण वजनाची मर्यादा मिळते. काही ठिकाणी माणसं आणि सामान मिळून किती किलो ते सरळच लिहिलेलं असतं. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांवर वेगळे आकडे निघतात, कारण सनरूफ, मोठी चाकं, पॉवर सीट हे सगळं त्यातूनच वजा होतं.

आता हिशेब करा. सहा माणसं, सरासरी 65 किलो धरली तर 390. सामान 100. ट्रेलरच्या वजनाचा 10 ते 15 टक्के भार हुकवर येतो, म्हणजे 2 टनांचे 200 ते 300. बेरीज 700 च्या पुढेमागे गेली. बऱ्याच फुल-साइझ गाड्यांची मर्यादाही तिथेच घुटमळते, मधल्या आकाराच्या तर अलीकडेच संपतात. वर छतावर पेटी लावणार असाल तर तीही यातच धरा.

सातवी_सीट
ट्रेलरला ब्रेक आहेत. पण हा हिशेब आम्ही कधीच केला नव्हता. सध्याच्या गाडीच्या पट्टीवरचा आकडा आत्ता जाऊन पाहिला. तो इथे लिहीत नाही.

मधलीसुट्टी
मग लहान ट्रेलर घ्या. व्हॅनच घ्या.

चिवित्रा
अवांतर: एवढी उंच नाकाची गाडी घेण्याआधी रस्त्यावरच्या इतरांचाही विचार व्हावा. आयआयएचएस या अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या संस्थेने 2023 मध्ये पादचाऱ्यांच्या अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बॉनेटची कड 40 इंचांपेक्षा उंच असेल, तर 30 इंच किंवा कमी उंचीच्या उतरत्या नाकाच्या गाडीपेक्षा धडकेत पादचारी दगावण्याची शक्यता सुमारे 45 टक्क्यांनी जास्त निघाली. तुमच्याही घरात लहान मूल आहे.

टॉर्कवाला
आता हे पण ऐकायचं का? मग बैलगाडी घ्या म्हणावं. ह.घ्या.

चिवित्रा
हलकंच घेतलंय. गाडीपुढे उभं राहिलेलं मूल तुम्हाला सीटवरून दिसतं का ते एकदा बघा आणि मग हसा.

रानवेडा
कॅमेरे कशाला असतात?

चिवित्रा
चिखलाने माखायला. तुम्हाला माहीत असेलच.

धागा_संपादक
बॉनेटच्या उंचीवर वेगळा धागा काढावा. दोन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत.

भटकी_बाई
लँड क्रूझर छान, पण 200 मध्ये तिसरी रांग दुमडून दोन्ही बाजूंना टांगली जाते. सामानाची जागा तिथेच गेली. 300 मध्ये ती खाली सपाट बसते. टॉर्कवाला हे सांगणार नाहीत.

तिसऱ्या रांगेचा आराम बऱ्याच अंशी मागच्या एक्सलवर असतो. आडवा अखंड एक्सल (दोन्ही चाकं एकाच दांड्यावर) वरखाली हलायला जागा मागतो, त्यामुळे मजला वर चढतो आणि मागे बसणाऱ्याचे गुडघे हनुवटीला लागतात. स्वतंत्र सस्पेन्शन (प्रत्येक चाक आपापलं हलतं) असलं की मजला खाली जातो. एक्स्पिडिशनला ते 2003 च्या मॉडेलपासून आहे, टाहो-सबर्बनला 2021 च्या. उलट टोयोटाची 2023 ची नवी सेक्वोया स्वतंत्र सस्पेन्शन सोडून अखंड एक्सलवर परतली, वर हायब्रिडची बॅटरी मागे, त्यामुळे डिकीचा मजलाही उंच. 437 अश्वशक्ती आहे खरी, पण ती तिसऱ्या रांगेत बसून मोजता येत नाही.

रानवेडा
अखंड एक्सलशिवाय खरी एसयूव्ही नाही.

शंकासुर
तुमची लँड क्रूझर पुढून किती वर्षं स्वतंत्र आहे ते बघा. 1998 पासून.

रानवेडा
पुढचं कोण बोलतंय?

झोपाळू
वाखूसा (वाचनखूण साठवली). मीही याच शोधात आहे. लँड क्रूझर कशी वाटते?

खडूस_म्हातारा
इथे सगळे कुठली घ्यायची ते सांगतायत, कशी बघायची ते कोणी सांगत नाही. वापरलेल्या मोठ्या गाडीवर मी हात पोळून घेतलेत. एका विक्रेत्याने पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून गळ्यात मारली. आतून सुगंध दरवळत होता. एवढा सुगंध कशासाठी, हे विचारायला हवं.

सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढा. पाण्याची रेघ आणि गाळ तिथे सापडतो, कारण तेवढा आतला पट्टा कोणी धूत नाही. सीटखालचे रूळ आणि बोल्ट गंजलेत का बघा. गाडीखाली झोपून चॅसिसवर टकटक करा. नवा काळा रंग फासलेला असेल तर जास्त जोरात करा. टायरच्या कडेवर चार आकडी तारीख असते. 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. चारही चाकं वेगळ्या वयाची निघाली तर कारण विचारा. इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करा. विक्रेत्याने "तुमच्यासाठी गरम करून ठेवली" म्हटलं तर दुसऱ्या दिवशी परत या. स्कॅनर लावा आणि फक्त चुका नाहीत एवढं बघू नका, गाडीचा संगणक स्वतः करतो त्या तपासण्या पूर्ण झाल्या आहेत का ते बघा. अपूर्ण दिसल्या तर सकाळीच कोणीतरी चुकांचे कोड पुसलेले असण्याची शक्यता आहे. एअर सस्पेन्शन असेल तर रात्रभर उभी राहून एक कोपरा खचतो का पाहा. फोर-व्हील-लो टाकून थोडी चालवा, बरेच मालक ते बटण जन्मात दाबत नाहीत.

आणि कंपनीच्या ताफ्यातली किंवा भाड्याने फिरलेली गाडी मुळीच घेऊ नका. दहा जणांनी हाणलेली असते.

मनकवडा
ताफ्यातली नको याला +1. सीटबेल्ट ओढून बघा, तिथे गाळ सापडतो.

खडूस_म्हातारा
तेच लिहिलंय वर.

मनकवडा
म्हणूनच +1.

हिशेबनीस
ताफ्यातल्या गाडीला माझीही फुली. आणि जीएमची (टाहो-सबर्बनवाली कंपनी) 6.2 लिटर व्ही-8 बघत असाल तर 2025 च्या एप्रिलमधला रिकॉल वाचा. 2021 ते 2024 च्या मॉडेलांतली जवळपास 6 लाख वाहनं एकट्या अमेरिकेत. क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा दोष. तपासणीत पास झालेल्या इंजिनांना 0डब्ल्यू-20 ऐवजी घट्ट 0डब्ल्यू-40 तेल द्यायचं ठरलं. 5.3 लिटर त्यात नाही. चॅसिस नंबर टाकून रिकॉलचं काम झालंय का ते पाहता येतं, फुकट असतं.

टॉर्कवाला
म्हणून म्हणत होतो, लँड क्रूझर.

शंकासुर
टोयोटाच्या ट्विन-टर्बो व्ही-6 चाही रिकॉल झालाय. 2024 मध्ये, 2022-23 च्या टुंड्रा आणि लेक्सस एलएक्स. इंजिनात मशीनिंगचा कीस राहिला होता. सगळ्यांच्या पोटात काही ना काही राहतंच.

टॉर्कवाला
माझं व्ही-8 आहे.

सातवी_सीट
मंडळी, अख्खी वरात घेऊन गाड्या बघून आलो. बूस्टर सीट आणि सासूबाईंसकट.

नवीन मधली: दोन मॉडेलं पाहिली. थोरला तिसऱ्या रांगेत बसला आणि त्याचं डोकं छताला टेकलं. तिन्ही रांगा भरल्या की मागे जेमतेम दप्तरांची जागा. शंकासुरांच्या हिशेबात दोन्ही नापास.

टाहो आणि सबर्बन शेजारी उभ्या होत्या. तिसऱ्या रांगेमागे टाहोत साधारण 720 लिटर, सबर्बनमध्ये 1,175. आमच्या सहा बॅगा एकीत मावल्या नाहीत, दुसरीत मावल्या. व्हॅनमध्ये सासूबाई सर्वांत सहज चढल्या, मधलीसुट्टी यांचं म्हणणं शंभर टक्के खरं. मोठ्या गाडीत त्यांनी आधी पायरी पाहिली, मग आतली मूठ धरली, चढल्या, आणि वर बसल्यावर म्हणाल्या, "उतरताना कोणीतरी पुढे उभं राहा." नको म्हणाल्या नाहीत. हे आमच्या घरात होकारातच मोजतात.

भटकी_बाई
सबर्बन 5.7 मीटर लांब आहे. घरची पार्किंगची जागा मोजली का? टाहोच घ्या, 5.35 मध्ये भागतं. सामान छतावर टाका.

शंकासुर
छतावर टाकलं तर वजन पुन्हा मोजा.

हिशेबनीस
टाहोला माझंही मत. आठवडाभर ती लांबी ओढत फिरायची आणि वापर सुट्टीत.

मधलीसुट्टी
व्हॅन आणि लहान ट्रेलर. शेवटचं सांगतोय.

सातवी_सीट
घेतली. तीन वर्षांची सबर्बन, 5.3 लिटर, आणि खडूसकाका, बसून वाचा: एका कंपनीच्या ताफ्यातली.

कारण सांगते. खाजगी मालकांच्या ज्या गाड्या पाहिल्या, त्यातल्या एकीचीही सर्व्हिसची कागदपत्रं सलग नव्हती. "वेळच्या वेळी केलंय" एवढंच तोंडी. एकाकडे टायर तीन वेगवेगळ्या सालांचे निघाले. या गाडीची प्रत्येक सर्व्हिस किलोमीटरसकट नोंदलेली आहे, चालवायला एकच माणूस नेमलेला होता आणि बहुतेक प्रवास हायवेवरचा. रंग कोणी हौसेने घेणार नाही असा पांढरट, त्यामुळे विक्रेता किंमत उतरवायला तयार झाला. पैसे देण्याआधी आमच्या ओळखीच्या मेकॅनिकने लिफ्टवर चढवून पाहिली. पुढचे ब्रेक आणि एका बाजूची सस्पेन्शनची लिंक बदलायला सांगितली, ते किमतीतून वजा करून घेतलं. दारावरच्या पट्टीवर आमची बेरीज बसते, ट्रेलर धरून. पार्किंगमध्ये मागे वीतभर जागा उरते.

चिवित्रा, बॉनेटपुढे धाकटीला उभं करून पाहिलं. सीटवरून दिसत नाही, कॅमेऱ्यात दिसते. म्हणून घरी नियम केलाय की गाडी सुरू होण्याआधी सगळी मुलं आत बसलेली हवीत.

चिवित्रा
पाहिलंत हेच खूप. शुभेच्छा.

टॉर्कवाला
अभिनंदन. पण पाच वर्षांनी विकायला काढाल तेव्हा माझी आठवण येईल.

रानवेडा
फोर-व्हील-ड्राइव्ह तरी आहे ना?

सातवी_सीट
आहे. लो-रेंजसकट. मेकॅनिकने टाकून पाहिली, चिखल नव्हता.

झोपाळू
अभिनंदन! तुम्ही सोडलेल्या त्या खाजगी गाड्यांपैकी एखादी अजून विकायची आहे का?

खडूस_म्हातारा
ताफ्यातली घेतलीत ना. असू दे, कागद पूर्ण आहेत म्हणता तर ठीक. पण ताफ्यावाले इंजिनचं तेल वेळेवर बदलतात, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि डिफरन्शियलचं सहसा कोणी बदलत नाही. नोंदीत ते तिन्ही शोधा. नसतील तर ट्रेलर जोडायच्या आधी बदलून घ्या, मग फोटो टाका.