कामगारवस्तीतील प्रयोगशाळा
जर्मनीतील प्रयोगशील शाळा म्हणजे सधन कुटुंबांच्या मुलांसाठी निसर्गात वसवलेली वसतिगृहे, असे म्हटले जाते. ते अनेक शाळांना लागू पडते, पण बर्लिनच्या नॉयकोल्न या कामगारवस्तीतील शाळेला मुळीच नाही. शिक्षणसुधारक फ्रिट्झ कार्सेन यांनी १९२१ मध्ये तेथील कैसर-फ्रीडरिश शाळेची सूत्रे हाती घेतली आणि प्राथमिक शाळेची सात वर्षे संपवून एरवी कारखान्यात गेली असती अशा मुलामुलींना विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेपर्यंत नेणारे वर्ग सुरू केले. १९२३ पासून तर प्रौढ कामगारांसाठीही तसे वर्ग भरू लागले, आणि माझ्या मते हेच या शाळेचे सर्वांत मोठे काम होय. पुढे तिला कार्ल मार्क्स यांचे नाव मिळाले.

या शाळेसाठी बालवर्गापासून विद्यापीठाच्या उंबरठ्यापर्यंतचे शिक्षण एकाच छताखाली देणाऱ्या संकुलाचा आराखडा वास्तुविशारद ब्रूनो टाउट यांनी केला होता. आर्थिक मंदीमुळे ते उभे राहिले नाही, केवळ १९२८ मध्ये नमुन्यादाखल बांधलेली वर्गाची इमारत तेवढी उरली. फेब्रुवारी १९३३ मध्ये नाझी राजवटीने कार्सेन यांना पदावरून दूर केले आणि त्यांना देश सोडावा लागला.