मे महिन्यात लहान मुलांना घेऊन परदेशात बीच रिसॉर्ट: फुकेत, मालदीव की मॉरिशस?

ठाणेकर_आई:
नमस्कार मंडळी. मेच्या सुट्टीत आठ दिवस बाहेरदेशी एखाद्या बीच रिसॉर्टला जायचं चाललंय. मोठी 5 वर्षांची आहे, धाकटा 19 मेला 2 चा होईल आणि सासूबाई बरोबर आहेत, त्या शुद्ध शाकाहारी आणि गुडघे दुखतात म्हणून जिने नकोत. नवऱ्याला फुकेतचं पॅकेज स्वस्त मिळतंय, नणंद म्हणते मालदीवच करा आयुष्यात एकदा, आणि मला कोणीतरी मॉरिशस सुचवलंय. खरं सांगू का, मला फक्त पाण्याची भीती आहे. धाकट्याला पाणी दिसलं की तो सरळ पळतच सुटतो. डिसेंबरात वरसोलीला मी मोठीच्या सँडलचा पट्टा लावत होते तेवढ्यात हा लाटेत जाऊन बसला, छातीपर्यंत पाणी, आणि हसत होता! तेव्हापासून समुद्र म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. पण मुलांना समुद्र दाखवायचाच नाही असंही नको वाटतं. ज्यांनी एवढी लहान मुलं नेलीयेत त्यांनी प्लीज सांगा.

दोन_पिल्लं:
ताई, मे मध्ये फुकेत नको. स्वस्त आहे ते त्यामुळेच. अंदमान समुद्राच्या बाजूला मे ते ऑक्टोबर नैऋत्य मोसमी वारे असतात, म्हणजे आपल्याकडे पावसाळ्यात जसा समुद्र खवळतो तसंच. आम्ही जूनमध्ये गेलो होतो, कारोन बीचवर आठातले सहा दिवस लाल झेंडे, म्हणजे पाण्यात उतरायचंच नाही. आत ओढणारा प्रवाह असतो तिथे, चांगले पोहणारेही त्यात सापडतात. मुलं पूलमध्ये खेळली, पण मग पूलसाठी एवढ्या लांब कशाला जायचं? थायलंडच करायचं असेल तर आखाताकडचं कोह सामुई बघा, तिथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात असतो, मे मध्ये बरं असतं.

खारा_वारा:
मालदीवबद्दल. सुंदर आहे, पाणी इतकं स्वच्छ की गुडघ्याएवढ्या पाण्यात छोटे शार्क फिरताना दिसतात, माझी मुलगी तासन् तास बघत बसायची. पण तुमचा धाकटा पाणी बघून पळणारा आहे ना, मग पाण्यावरची व्हिला अजिबात घेऊ नका. डेकवरून पायऱ्या थेट समुद्रात उतरतात आणि बऱ्याच ठिकाणी कठडाच नसतो, काही रिसॉर्ट तर ठराविक वयाखालच्या मुलांना त्या व्हिला देतच नाहीत. वाळूवरची बीच व्हिला घ्या. आणि बेटांवर नेणारी सीप्लेन (पाण्यावर उतरणारी छोटी विमानं) फक्त दिवसाउजेडी उडतात, विमान संध्याकाळी मालेला पोचलं तर रात्र तिथेच काढावी लागते, आजी आणि दोन पोरं घेऊन ते नको. स्पीडबोटीने पोचता येईल असंच बेट निवडा.

कोकणकन्या:
मी मॉरिशसला दोनदा गेलेय, पहिल्यांदा मुलगा दीड वर्षांचा होता, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मला वाटतं हॉटेल निवडायच्या आधी किनारा निवडा. बेटाच्या बहुतेक बाजूंनी प्रवाळाची भिंत आहे, लाटा लांब तिथेच फुटतात, आतमध्ये लगून राहतं, कमी खोल आणि शांत. माझा मुलगा काठावर उकिडवा बसून ओंजळीत पाणी घ्यायचा, परत सोडायचा, परत घ्यायचा, सकाळभर तेवढंच. लाट अशी येतच नव्हती, नुसती पावलांना लागून जायची. तेव्हा पहिल्यांदा मी त्याचा हात सोडून त्याच्या शेजारी नुसती बसले (हाताच्या अंतरावरच, ते कुठेही सोडायचं नाही).

पण सगळीकडे असं नाही. दक्षिणेला ग्रिस ग्रिसला भिंत तुटलेली आहे, तिथे उंच कड्यावरून समुद्र बघायचा, उतरायचं नाही. आणि तिथे ऋतू आपल्या उलट, मे पासून थंडी सुरू होते, आग्नेयेकडून वारा येतो, त्यामुळे पूर्वेकडच्या 'बेल मार' बीचवर वाळू उडते आणि ओल्या अंगाने मुलं कुडकुडतात. म्हणून पश्चिम किंवा वायव्य बाजू घ्या, फ्लिक आँ फ्लाक, त्रू ओ बिश, मॉन्ट शॉइझी. सूर्य पावणेसहाच्या आसपास मावळतो, मुलांची जेवणं-झोपा आपोआप लवकर होतात.

एक गोष्ट मात्र विसरू नका, पाण्यातले बूट. तळाला सी अर्चिन, म्हणजे काटेरी गोळ्यांसारखे समुद्री जीव असतात. दुसऱ्या वेळी मुलगा अनवाणी उतरला आणि टाचेत काटे मोडले, पेन्सिलच्या टोकाएवढे पाच काळे ठिपके. रिसॉर्टच्या नर्सने सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवला आणि वर दिसत होते तेवढेच काटे चिमट्याने काढले, म्हणाली खोल कोरू नका. दोन तास रडला बिचारा. डेकॅथलॉनचे साधे बूट घेतले असते तर हे झालं नसतं.

आणि आजींना आवडेल असं एक. पश्चिमेकडच्या कॅस्केवेल गावाच्या रस्त्यावर मी मुलाला "बाळा, हळू" म्हटलं तर ड्रायव्हरकाका मागे वळून "मराठी?" म्हणाले. त्यांचे खापरपणजोबा रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यांवर आलेले. घरी क्रिओल (तिथली बोली) बोलतात पण आरत्या मराठीत, आणि गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. माझ्या आईने त्यांच्याशी तासभर गप्पा मारल्या, अर्ध्या हातवाऱ्यांनी.

दोन_पिल्लं:
तारखेचं बघा ताई. धाकटा ट्रिपमध्येच 2 चा होत असेल तर बहुतेक विमान कंपन्या परतीला त्याची वेगळी सीट घ्यायला लावतात. 18 मेच्या आत परत येता आलं तर मांडीवर बसवून चालतं, पण मुंबईहून सहा-साडेसहा तास आहेत, मी तर तरी सीट घेईन.

कोकणकन्या:
हो बरोबर. आणि जेवण: हाफ बोर्ड (सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण हॉटेलात) घ्या, दुपारी बाहेर ढोल पुरी खा, चण्याच्या डाळीचं सारण भरलेली मऊ पोळी, आजी खातील. मी छोटा इलेक्ट्रिक कुकर आणि मेतकूट नेलं होतं, अडॅप्टर तीन चौकोनी पिनांचा लागतो. मुलांची नेहमीची औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीसकट न्या. सात रंगांची माती बघायला शमारेलला जातात, तो रस्ता वळणावळणाचा आहे, पोटभर खाऊन निघू नका.

ठाणेकर_आई:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल नवऱ्याला बसवून सगळं वाचून दाखवलं, फुकेत रद्द. 9 ते 17 मे, त्रू ओ बिश, तळमजल्यावरची खोली लेखी मागितलीये. सासूबाईंनी आतापासून आरत्यांचं पुस्तक बॅगेत टाकलंय, ड्रायव्हरकाका भेटले तर द्यायला. धाकट्याचे बूट मात्र एक नंबर मोठे घेऊ का मापाचे?

कोकणकन्या:
मापाचेच. मोठे घेतले तर वाळू जाते आणि पाण्यात निघून येतात.