मदत हवी आहे: गाडी गरम होऊन बंद पडते, दोष पाण्याचा की पेट्रोलचा?

जुनी कार्ब्युरेटरवाली गाडी आहे. पेट्रोलचा पंप मेकॅनिकल, इंजिनलाच बोल्ट केलेला. सकाळी अर्ध्या सेल्फला चालू होते, मोकळ्या रस्त्यावर तासभर पळवली तरी तापमानाचा काटा मध्यावरून हलत नाही. पण ट्रॅफिकमध्ये दहा मिनिटं रखडलं की काटा लाल पट्ट्याकडे सरकतो, गाडी आचके देते आणि मान टाकते. मग कितीही सेल्फ मारा, ढिम्म. बॉनेट उघडून अर्धा तास थांबलं की जणू काही झालंच नव्हतं.

परवा बंद पडल्यावर चिडचिड न करता नीट बघितलं. प्लग कोरडा ठणठणीत, करंट निळा. म्हणजे ठिणगीचा करंट देणारी कॉइल संशयातून सुटली. काचेच्या फिल्टरमध्ये पेट्रोल तळाला आणि वर आधण आल्यासारखे बुडबुडे. पंपावर आणि मॅनिफोल्डला (एक्झॉस्टच्या गरम पाइपांना) जवळजवळ चिकटून जाणाऱ्या पेट्रोलच्या नळीवर ओलं फडकं गुंडाळलं, पाच मिनिटांत चालू! व्हेपर लॉक (नळीतच पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडणं) आहे यात मला शंका नाही.

मेकॅनिक म्हणतो, टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप टाका, विषय संपला. ओढण्यापेक्षा ढकललेलं पेट्रोल सहजी उकळत नाही, हे कळतं. पण मुळात काटा का चढतो? रेडिएटर साफ केलाय, थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) 82 अंशांचा, नवा. आधी काय तपासू?

प्रतिसाद 1
रेडिएटर चोंदला असता तर मोकळ्या रस्त्यावर आधी तापली असती. उभ्या गाडीत हवा फक्त पंखाच ओढतो, त्यामुळे बेल्ट ढिला आहे का आणि पंख्याभोवतीचं कवच जागेवर आहे का ते बघा. (आधीच्या कुणीतरी ‘अडचण होते’ म्हणून काढून ठेवलेलं असतं!) नंतर टायमिंग, म्हणजे प्लगची ठिणगी पडण्याची वेळ. ते मागे असेल तर एक्झॉस्ट जास्त तापतो. पाणीही तापतं आणि शेजारची पेट्रोलची नळीही. तुमची दोन दुखणी एकच असू शकतात. डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या) व्हॅक्यूम अॅडव्हान्सची, म्हणजे हवेच्या ओढीने टायमिंग पुढे नेणाऱ्या डबीची नळी कार्ब्युरेटरकडून काढा, तोंडाने ओढा आणि टोक जिभेने बंद करा. ओढ टिकली नाही तर डायफ्रॅम (त्या डबीतला पडदा) फाटलाय.

प्रतिसाद 2
इलेक्ट्रिक पंप लावलाच तर दाब बघून घ्या. जुन्या कार्ब्युरेटरची नीडल (आत येणारं पेट्रोल अडवणारी सुई) जास्त दाबाला टिकत नाही, पेट्रोल ओसंडतं. तेही गरम मॅनिफोल्डवर. आणि इंजिन बंद पडलं की पंप आपोआप थांबेल अशी सोय हवीच. त्याआधी नळी मॅनिफोल्डपासून लांबून फिरवा, कार्ब्युरेटरखाली उष्णता अडवणारा बेकेलाइटचा जाड स्पेसर टाका. फुकटात बराच फरक पडतो. बरं, फुकटात म्हणजे स्पेसर सोडून.

धागाकर्ता
बेल्ट ताठ आहे, कवचही आहे. नळी मात्र ओढली तर हवा सरळ तोंडात आली, ओढ धरतच नाही. डायफ्रॅम वेगळा मिळतो की अख्खं युनिट बदलावं लागतं?