आईला एसव्हीटी (हृदयाची अचानक सुरू होणारी वेगवान धडधड) निघालंय, अ‍ॅब्लेशन करावं की गोळ्यांवरच राहावं?

रानवारा: आईचं वय ५४. बसल्या बसल्या धडधड सुरू होते, मानेतले ठोके उडताना दिसतात, आणि मग आपोआप थांबतं. सगळे म्हणायचे टेन्शन घेते, अ‍ॅसिडिटी असेल. परवा थांबेचना म्हणून कॅज्युअल्टीत नेलं तर पल्स १९०. धडधड थांबवायचं अ‍ॅडेनोसिनचं इंजेक्शन दिलं, मॉनिटरवर काही सेकंद रेघ सपाट, माझ्या पोटात गोळाच आला, आणि मग एकदम ८५. डॉक्टर म्हणतात एव्हीएनआरटी (एसव्हीटीचाच एक प्रकार) वाटतंय, ईपी स्टडी म्हणजे हृदयातल्या करंटची तपासणी करू आणि त्यातच अ‍ॅब्लेशन, म्हणजे बिघाडाची जागा तापवून बंद करणं. हृदयात जाळायचं म्हटल्यावर बाबा ऐकायलाच तयार नाहीत. गोळ्यांवर भागेल का?

निळीशाई: मी कॅथलॅबमध्ये टेक्निशियन आहे. यात एव्ही नोडपाशी, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून करंट खाली जातो त्या जागी, करंटला दोन वाटा असतात, एक फास्ट एक स्लो, आणि करंट त्यातच गोल गोल फिरत बसतो. जांघेतल्या शिरेतून कॅथेटर (बारीक लवचिक नळी) वर नेतात, छातीला काप नाही. आधी मुद्दाम धडधड सुरू करून बघतात आणि मग स्लो वाटेवर कॅथेटरचं टोक ५०-६० डिग्रीपर्यंत तापवतात, डाग पडतो तो काही मिलिमीटरचा. जागा बरोबर असली की स्क्रीनवर जंक्शनल ठोके (नोडच्या भागातूनच निघणारे) येतात, तेव्हा सगळ्यांची नजर तिथेच, जरा काही वेगळं दिसलं की एनर्जी लगेच बंद. शंभरात ९५ हून जास्त जणांचं काम होतं. खरा धोका एकच नीट विचारून घ्या, नोडला इजा होऊन पेसमेकर लागण्याचा, तो साधारण एक टक्का किंवा त्याहून कमी.

मोगरा_७: ताई माझं झालंय. गोळ्यांनी धडधड कमी व्हायची पण दिवसभर गळून गेल्यासारखं वाटायचं. फक्त आईंना आधीच सांगून ठेवा की टेबलावर धडधड मुद्दाम आणतात, मी जागी होते आणि तेवढाच वेळ खूप घाबरले. नंतर पाय न वाकवता पडून राहायचं.

जुनावाडा: आमच्या वडिलांना एएफ (हृदयाचे ठोके अनियमित पडणं) होतं, अ‍ॅब्लेशन दोनदा करावं लागलं आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या अजून चालू आहेत. पण ते दुखणंच वेगळं, तिथे फुप्फुसाच्या शिरांभोवती करतात. असले किस्से ऐकून बाबांना अजून घाबरवू नका.

रानवारा: आणि तोवर पुन्हा आलं तर?

निळीशाई: अर्धवट बसवून १० मिलीच्या रिकाम्या सिरिंजमध्ये १५ सेकंद जोरात फुंकायला लावा, लगेच आडवं करून दोन्ही पाय वर धरा. आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या. २०१५ च्या ब्रिटनमधल्या अभ्यासात असं पाय वर करून ४३ टक्के लोकांची लय जागेवर आली, नुसतं फुंकून १७. चक्कर आली, छातीत दुखलं तर मात्र थेट हॉस्पिटल. आणि परवाचा पल्स १९० असतानाचा ईसीजी मागून घ्या, डॉक्टरांना तोच सगळ्यात जास्त उपयोगी.

रानवारा: ईसीजी फाइलमध्येच आहे. सोमवारी बाबांनाही ओपीडीत नेते, पेसमेकरचं त्यांच्यासमोरच विचारते.