शब्द कळत नाहीत अशी गाणी सुचवा (बाबांसाठी आणि माझ्यासाठी)

सांजवेळ

नमस्कार. जरा लांबण लावते आहे, पण मागचं सांगितल्याशिवाय मला नेमकं काय हवंय ते कळणार नाही.

माझे बाबा सत्तरीचे. सिन्नर तालुक्यातल्या आमच्या गावच्या भजनी मंडळात त्यांनी चाळीस वर्षं पखवाज वाजवला. गेल्या श्रावणात त्यांना मेंदूचा झटका आला. उजवा हात आणि पाय अधू झाला आणि वाचा गेली. म्हणजे आवाज आहे, समोरच्याचं बरंचसं कळतंही, पण शब्द सापडत नाही. पाणी हवं असतं आणि तोंडातून भलतंच येतं. ते चुकलं हे त्यांना स्वतःला ऐकू येतं, आणि मग ते डोळे मिटून घेतात.

नाशिकला आमच्या घरी आणल्यावर मी आधी अभंग लावले. पहिल्या ओळीला चेहरा उजळला. दुसऱ्या ओळीला ओठ हलायला लागले. तिसऱ्या ओळीतला शब्द आला नाही, आणि त्यांनी स्पीकर हाताने ढकलून दिला. भावगीतांचं तेच झालं. जे जे पाठ होतं ते ते त्यांना टोचायला लागलं. मग बासरी लावली, संतूर लावलं, तर ते कूस बदलून भिंतीकडे तोंड करून पडायचे. माणसाचा आवाज हवा होता, एवढं माझ्या लक्षात आलं.

पौषात एका संध्याकाळी भाकरी करताना मी माझ्यापुरती सेझारिया एव्होरा लावली होती. केप व्हर्देची गायिका, आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडच्या बेटांवरची. बाहेरून टक टक ऐकू आलं म्हणून पाहिलं, तर बाबा खाटेच्या लाकडावर डाव्या हाताने ठेका धरून होते. पखवाजाची कणीक लावलेली बाजू ज्या हाताने वाजते, तोच हात. त्यांना त्यातला एक शब्द कळत नव्हता, मलाही कळत नव्हता. सहा महिन्यांत पहिल्यांदा आम्ही दोघं एका पायरीवर होतो.

तर अशी गाणी सुचवा. गाणारं माणूस हवं. भाषा आम्हा दोघांनाही परकी हवी. आणि एक प्रश्न: तुम्ही अशा गाण्यांचे अर्थ शोधून वाचता का, की तसंच ऐकता?

तानपुरा

सांजवेळताई, आपण मराठी माणसं हे पिढ्यान्‌पिढ्या करत आलो आहोत. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली, तेव्हापासून आपण व्रज भाषेतल्या बंदिशी ऐकतो आहोत. सवाई गंधर्व महोत्सवातल्या किती श्रोत्यांना अंतऱ्याचा सलग अर्थ सांगता येईल? शब्द विलंबितात इतका ताणला जातो की त्याचा स्वर तेवढा उरतो. तराण्यात तर कोशातला शब्द बहुधा नसतोच, ‘देरेना दीम’ आणि ‘तनन’ यांवर सगळी इमारत उभी राहते. बाबा लयीचे आहेत, तर द्रुत तराणे नक्की लावा. तिथे कुठलाच शब्द चुकण्याची भीती नाही.

कर्नाटक संगीतही ऐकवा. त्यागराजांचं आयुष्य तमिळ मुलखात, कावेरीकाठच्या तिरुवय्यारुला गेलं, पण त्यांच्या कृती बहुतांश तेलुगूत. तमिळ श्रोते पिढ्यान्‌पिढ्या त्या ऐकत आले. पुढे ‘आमच्या भाषेत गा’ अशी चळवळ उभी राहिली आणि १९४३ मध्ये तमिळ इसै संगमही स्थापन झाला. त्यांचं म्हणणं मला पटतं, स्वतःची भाषा स्वतःच्या मंचावर ऐकायला मिळायलाच हवी. पण त्यानंतरही त्यागराजांच्या तेलुगू कृती मागे पडल्या नाहीत, हेही तितकंच खरं.

कडीपत्ता

भीमसेनजींची कन्नड भजनं! ‘भाग्यदा लक्ष्मी बारम्मा’ आमच्याकडे दर शुक्रवारी लागतं.

सांजवेळ

कडीपत्ता, ते बाबांना पाठ आहे. अर्थ न कळता पाठ आहे, आणि म्हणून ते म्हणायला जातात आणि अडतात. परवाच झालं. म्हणजे भाषा परकी असून भागत नाही, गाणंही नवं हवं. तुमच्यामुळे हे माझ्या ध्यानात आलं.

तानपुरा, तराणा लावला. अर्धा तास शांत ऐकला, हात मात्र हलला नाही. कदाचित तबला फार जवळचा वाटला असेल. पुन्हा लावून बघेन.

मांडवीकाठ

मी गोव्याची. मांडो सुचवणार होते, व्हायोलिन आणि घुमटावर, संथ, विरहाचा. बाबांना घुमटाचा नाद आवडेल याची खात्री आहे, मातीच्या भांड्यातून येणारा तो खोल आवाज पखवाजाच्या डाव्या अंगाशी नातं सांगतो. पण मांडो कोकणीत, आणि मराठी माणसाला कोकणी अर्धी कळते. अर्धी कळणारी भाषा तुमच्या बाबांना सर्वांत जास्त दमवेल असं वाटतं, कारण माणूस ओळखीचा शब्द पकडायला सारखा पुढे वाकतो. मी पंजाबी ऐकताना हेच करते आणि सूर हातून निसटतो.

म्हणून फादो ऐकवा, पोर्तुगालची विरहाची गाणी. पोर्तुगीज. आमालिया रोद्रिगेश या गायिकेपासून सुरुवात करा. आवाज एकदम उघडा, मागे दोन गिटारी, बस्स. माझ्या आजीला पोर्तुगीज येत होतं, मला येत नाही. ती ऐकताना रडायची आणि मी तिच्याकडे पाहून रडायचे. आता ती नाही. तेच गाणं लावते, भाषा मी मुद्दाम शिकले नाही.

वाचावर्ण

मी स्पीच थेरपिस्ट आहे. गाणी सुचवणार नाही, पण दोन गोष्टी सांगायलाच हव्यात.

पहिली. बहुतेकांच्या मेंदूत बोलण्याची मुख्य केंद्रं डाव्या बाजूला असतात, म्हणून डाव्या बाजूच्या झटक्यात वाचा आणि उजवं अंग एकदम जातं. सूर आणि लय यांच्या कामात उजव्या बाजूचा वाटा मोठा असतो. त्यामुळे बोलता न येणारे कितीतरी रुग्ण गाण्याच्या ओळी म्हणू शकतात. यावर आधारलेली एक उपचारपद्धत १९७३ मध्ये अमेरिकेत मांडली गेली. त्यात छोटी वाक्यं दोन सुरांत, लांबवून म्हणायची असतात आणि प्रत्येक अक्षराला रुग्णाच्या डाव्या हाताने ताल धरायचा असतो. डाव्याच हाताने. तुमचे बाबा खाटेवर जे करत होते ते वाचून मी हातातलं काम थांबवलं.

दुसरी. अभंग कायमचे बंद करू नका. आख्खा अभंग लावू नका, एकच ओळ घ्या, तीही नुसती गुणगुणून, शब्दांची सक्ती नको. शब्द आला तर आला. परकी गाणी विसाव्याची आणि ही ओळ सरावाची, असं वेगळं ठेवा. तुमच्याकडच्या थेरपिस्टना या पद्धतीबद्दल जरूर विचारा. सगळ्यांना ती लागू पडत नाही, तपासूनच ठरवावं लागतं.

वाळूचंघर

मी बारा वर्षं मस्कतला होतो. अरबी कामापुरती कळायची, गाण्यातली अजिबात नाही. पहिल्या वर्षी फार एकटा होतो. साइटवरून परतताना आमचा ड्रायव्हर उम्म कुलथुम लावायचा, इजिप्तची गायिका. एक गाणं सुरू व्हायचं, आमचा चाळीस मिनिटांचा रस्ता संपायचा आणि गाणं चालूच असायचं. मला आधी वाटलं कॅसेटमध्येच काहीतरी बिघाड आहे, कारण बाई एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणतात. महिन्याभराने कान उघडला. ओळ तीच, पण दर वेळी वळण निराळं. कधी शेवटच्या अक्षरावर रेंगाळतात, कधी मधलाच शब्द उचलतात. आपले कीर्तनकार, ठुमरी गाणाऱ्या बाया हेच करतात की.

आणि मागचे श्रोते! ओळ संपली की ‘अल्लाह’ म्हणून उसळतात, पुन्हा म्हणा म्हणून ओरडतात, आणि बाई खरंच पुन्हा म्हणतात. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी त्यांची मैफल कैरोहून रेडिओवर लागायची, कित्येक दशकं. ड्रायव्हर सांगायचा, त्याच्या आजोबांच्या गावात त्या रात्री रस्ता ओस पडायचा. गाण्यातून अंगात जी भरती चढते तिला अरबीत ‘तरब’ म्हणतात. हा शब्द मी तिथे शिकलो, बाकी गाण्यांतले विसरलो.

‘एन्ता ओम्री’ लावा. १९६४ ची मैफल, चाल मोहम्मद अब्देल वहाब यांची. सुरुवातीला कितीतरी वेळ नुसती वाद्यंच वाजतात, तिथे बाबा कंटाळतील असं वाटेल, पण पुढे सरकवू नका. बाईंचा पहिला सूर त्या वाट पाहण्यानंतरच खरा लागतो. रेकॉर्डिंग मैफलीतलंच निवडा, श्रोत्यांचा आवाज हवाच.

गवतीचहा

अर्थाबद्दल माझं मत वेगळं आहे. अर्थ वाचावा. आधीच वाचावा.

हेन्रिक गोरेत्स्की या पोलिश संगीतकाराची तिसरी सिंफनी मी तीन-चार वर्षं रात्री झोप लागावी म्हणून ऐकत होते. एक बाई अतिशय संथ गाते, फार शांत वाटायचं. मग एकदा दुसऱ्या भागाचे शब्द वाचले. दुसऱ्या महायुद्धात गेस्टापोच्या, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांच्या, कोठडीत डांबलेल्या अठरा वर्षांच्या मुलीने भिंतीवर कोरलेली ती प्रार्थना आहे. आईला रडू नकोस म्हणून सांगते आहे ती. मी तिच्या त्या ओळींवर झोपत होते. त्यानंतर झोपण्यासाठी कधीच लावली नाही, आता उठून बसून ऐकते. माहीत नसताना ऐकलेलं खोटं होतं असं म्हणत नाही, पण कुणाच्या तरी दुःखाशेजारी बसायचं तर ते कुणाचं आहे हे विचारावं.

तानपुरा

गवतीचहा, तुमचं पटलं तरी ‘आधीच’ हा शब्द मला अडतो. अर्थ आधी वाचला की कान पाटी घेऊन बसतो, हा शब्द आला, तो शब्द आला. दहा वेळा ऐकावं, सूर अंगवळणी पडू द्यावा, मग अर्थ. तेव्हा तो अर्थ रिकाम्या जागी पडत नाही.

वाटसरू

अली फार्का तूरे, पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशाचे गायक. नायजर नदीकाठच्या नियाफुंके गावचे, शेती करणारे. सोंगाय, फुलानी, तमाशेक अशा अनेक भाषांत गायचे, म्हणजे कुठली भाषा चालू आहे हेही आपल्याला ओळखू येत नाही. अमेरिकन गिटारवादक राय कूडरबरोबरचा १९९४ चा ‘टॉकिंग टिंबक्टू’ सोपा पडेल. ठेका फिरून फिरून तिथेच येतो, पखवाजवाल्याला जागा सापडेल.

आइसलंडच्या सिगुर रोस या गटाचा २००२ चा एक अल्बम आहे, नाव म्हणजे नुसता रिकामा कंस. त्यातले शब्द कुठल्याच भाषेतले नाहीत, गायकाने सुरांसाठी आवाज घडवले आहेत. सोबतच्या पुस्तिकेची पानंही कोरी ठेवली होती.

मांडवीकाठ

वाटसरूंवरून आठवलं. १९७७ मध्ये अंतराळात सोडलेल्या व्हॉयेजर यानांसोबत जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, तिच्यात आमच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, ‘जात कहां हो’. त्याच तबकडीवर वाल्या बाल्कान्स्का या बल्गेरियन गायिकेचं डोंगरी लोकगीत आहे. मागे मशकबाजासारख्या वाद्याचा अखंड सूर, तंबोऱ्यासारखा धरलेला, आणि वर तिचा धारदार गळा. दोन्ही लागोपाठ ऐकून पाहा. मला दोघी एका घरातल्या वाटतात.

सांजवेळ

सगळ्यांना उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, राग मानू नका. रोज एक गाणं लावत होते आणि वहीत लिहीत होते.

फादो बाबांना सोसवलं नाही. दुसऱ्या गाण्याला डोळे भरले आणि त्यांनी हाताने नको केलं. मांडवीकाठ, मी मात्र रात्री इअरफोनवर ऐकते. कोऱ्या पानांच्या अल्बमवर ते गाढ झोपले, दुपारी तोच लावते आता. बल्गेरियन बाईंचा पहिला सूर ऐकून त्यांनी छताकडे बोट केलं. आवाज उंच आहे म्हणून, की ती तबकडी आकाशात आहे हे मी सांगितलं होतं म्हणून, ते विचारून कळण्यासारखं नाही.

गवतीचहा, तुमचं वाचल्यावर मी ‘सोदाद’चा अर्थ शोधला. पहिल्या दिवशी बाबांनी ज्यावर ठेका धरला होता ते गाणं. साओ टोमेच्या या लांबच्या वाटेला तुला कुणी लावलं, असं ती विचारते. पोर्तुगीजांच्या राजवटीत केप व्हर्देची माणसं साओ टोमेच्या कोकोच्या मळ्यांवर मजुरीला नेली जात, घरापासून फार दूर. मी तो अर्थ बाबांना वाचून दाखवला, हळू, एकेक वाक्य. ऐकून झाल्यावर त्यांनी स्पीकरकडे हात केला. परत लावलं. या वेळी ठेका धरला नाही, तळवा नुसता लाकडावर ठेवून ऐकलं. तानपुरा, आमची दहा वेळा ऐकून झाली होती.

वाचावर्ण, आमच्या थेरपिस्टबाईंशी बोलले. त्यांनी तपासलं आणि सुरुवात केली आहे. ‘चहा हवा’ हे दोन सुरांत, डाव्या हाताने. बाबांचा सूर नेमका लागतो, अक्षरं अजून येत नाहीत. अभंगाची एक ओळ रोज सकाळी गुणगुणतो, स्पीकरशिवाय, मी आणि ते.

आणि वाळूचंघर, तुमची उम्म कुलथुम. सुरुवातीची वाद्यं पुढे सरकवली नाहीत. बाईंनी ओळ घेतली, परत घेतली, तिसऱ्यांदा घेतली आणि मागचे लोक ओरडले. बाबा हसले, आवाज करून हसले. झटक्यानंतर त्यांचं असं हसू मी ऐकलं नव्हतं. मग पुढच्या प्रत्येक वेळी लोक उसळायच्या आधीच त्यांचा डावा हात वर. ओळ कुठे संपणार, लोक कुठे ओरडणार, हे त्यांना अचूक कळत होतं. पाऊण तास आम्ही दोघं त्या गर्दीत होतो. आई देवापाशी दिवा लावायला आली होती, ती दारातच उभी राहून ऐकत राहिली.

आता दर गुरुवारी रात्री जेवणं लवकर उरकून आम्ही तिघं बसतो. वाटसरू, मालीचं अजून लावलेलं नाही, ते या गुरुवारसाठी ठेवलं आहे. त्या अल्बममधलं पहिल्यांदा कुठलं लावू?