विहिरीत करल लागलाय, समुद्र खरंच इथवर होता का?

प्रश्न: वाडीकर
गुहागर तालुक्यात आमची नारळी-पोफळीची वाडी आहे, पुळणीपासून तीनशे पावलांवर. नवी विहीर खणताना ११ फुटांवर करल, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूचा घट्ट झालेला दगड, लागला. हातभर जाडीचा, शिंपल्यांनी गच्च भरलेला. वर-खाली मोकळी वाळू. आजोबा म्हणायचे, "दर्या पूर्वी वाडीत होता." यावरून तेव्हा समुद्राची पातळी जास्त होती असं म्हणता येईल? शुक्रवारी रिंगा बसणार, मग थर कायमचा झाकला जाईल.

भूशास्त्रवाला
रिंगा दोन-तीन दिवस थांबवा, कळकळीने सांगतोय. असे कितीतरी थर बघायला मिळण्याआधीच बुजलेत.

नुसते शिंपले पुरावा नव्हेत. तुफानातली लाटही ते आत फेकते. शिवाय वाळू साचून पुळण पुढे सरकली, तर पातळी तीच राहूनही समुद्र लांब जातो. आजोबांचं म्हणणं तेवढ्यानेही खरं ठरेल. करलाचं तसं नाही. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात वाळूच्या कणांमध्ये चुना साकळतो आणि ती दगडासारखी घट्ट होते, म्हणून तो जिथे आहे तिथे त्या काळच्या पाण्याची खूण असते. आधी उंची मोजा. गवंड्याची पाण्याची नळी लावत करलाच्या माथ्यापासून उधाणाच्या, म्हणजे मोठ्या भरतीच्या, रेषेपर्यंत जा. शिंपल्यांच्या दोन्ही पाळ्या (कवचाचे दोन भाग) जुळलेल्या आहेत का, म्हणजे ते लाटेने लांबून फेकलेले नसावेत, थर समुद्राकडे उतरता आहे का, तेही बघा.

वरची बाजू खुणावून एक ढेकूळ कोरडं ठेवा. शिंपल्याचं वय कार्बन-१४ ने निघतं. पण समुद्राच्या पाण्यातला कार्बन जुना असल्याने ते काहीशे वर्षांनी जास्त दिसतं, ती दुरुस्ती करावी लागते. आणि शिंपला करल होण्याच्या बराच आधीचा असू शकतो.

गोदीजवळचा
मुंबईत उलटी गोष्ट सापडली होती. १८८० साली सुरू झालेल्या प्रिन्सेस डॉकच्या खोदकामात ओहोटीच्या पातळीखाली खैराचं जंगल निघालं, कित्येक बुंधे मुळांवर उभे. खैर खाऱ्या पाण्यात वाढत नाही. म्हणजे तिथे जमीन खचली किंवा पाणी चढलं.

भूशास्त्रवाला
अगदी. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी जगभरचा समुद्र आजच्यापेक्षा जवळपास १२० मीटर खाली होता. बर्फ वितळत गेलं, तसं पाणी चढलं. पण जमीनही हलते, त्यामुळे एका विहिरीवरून अख्ख्या कोकणाचं बोलू नये.

वाडीकर
काल गवंड्यासोबत पंधरा वेळा नळी लावली. माथा उधाणाच्या रेषेच्या दीड वीत वर निघाला. थर समुद्राकडे उतरता आहे. जुळलेल्या पाळ्या वीतभर चौकोनात नऊ मिळाल्या.

भूशास्त्रवाला
फार छान मोजलंत! माथा उधाणाच्या वर आहे, म्हणजे तेव्हा पातळी जास्त असू शकते. पण आधी हा चुना खाऱ्या पाण्यातला की गोड्या, ते तपासायला हवं, कारण पावसाच्या पाण्यानेही वाळू घट्ट होते. त्यासाठी पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. शेजारच्या वाड्यांतल्या विहिरींतही हा थर कुठे लागलाय ते विचारा.

वाडीकर
रिंगा सोमवारवर ढकलल्यात. दोन ढेकळं सुपात वाळताहेत. उद्या काकांच्या विहिरीत उतरतो, तिचा उपसा बंद आहे.